दीड डॉलरची पैज

खोटा फोन करून दुसऱ्याच्या दारात हत्यारबंद पोलीस धाडायचे, ही अमेरिकेतल्या ऑनलाइन टोळक्यांची जुनी खोड. एफबीआयने २००८ मध्येच तिच्याबद्दल सावध केलं होतं.

२८ डिसेंबर २०१७. 'कॉल ऑफ ड्यूटी'तल्या जेमतेम दीड डॉलरच्या पैजेवरून दोघांचं वाजलं. एकाने लॉस एंजेलिसच्या एका तरुणाला असा फोन करायची गळ घातली. दुसऱ्याने मुद्दाम आपला जुना पत्ता दिला. 'बापाला गोळी घातलीय, घरच्यांना ओलीस धरलंय,' अशी थाप विचिटा शहराच्या पोलिसांना मारली गेली. खेळाशी काडीचाही संबंध नसलेला, २८ वर्षांचा, दोन मुलांचा बाप त्या घराच्या दारात आला आणि पोलिसाच्या गोळीने गेला.

याला थट्टा म्हणायचं? २०१९ मध्ये फोन करणाऱ्याला २० वर्षांची कैद झाली. रास्तच. गोळी झाडणाऱ्या पोलिसावर मात्र खटला भरलाच गेला नाही.