हैबतबाबांची वारी

आळंदी-पंढरपूर पालखीला आजचे रूप दिले ते एका लष्करी पेशातल्या माणसाने. सातारा जिल्ह्यातील आरफळचे हैबतराव पवार ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. ती चाकरी सोडून ते आळंदीला आले आणि ज्ञानेश्वरांच्या सेवेत राहिले. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 च्या सुमारास देहूहून पालखी सुरू केली होती व तीत ज्ञानेश्वरांच्याही पादुका असत. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी ज्ञानेश्वरांची पालखी स्वतंत्र केली. घोडे, तंबू आणि इतर सरंजाम अंकलीच्या शितोळे सरकारांनी दिला. मानाचे अश्व आजही तिथूनच येतात.

सोहळ्यावर छावणीची छाप स्पष्ट दिसते. रथापुढच्या आणि मागच्या दिंड्यांना क्रमांक आहेत, मुक्काम ठरलेले आहेत, शिस्त चोपदारांच्या हाती असते. समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र वाजवतच राहते, आणि मग तिचे गाऱ्हाणे ऐकले जाते. भांडण मांडण्याची इतकी सुरेल पद्धत क्वचितच आढळेल.

या वारीला येणारा, तुळशीची माळ घालणारा पुरुष संन्यास घेत नाही. शेती, प्रपंच सांभाळून तो एकादशी करतो, मद्य-मांस सोडतो, परस्त्रीला माता मानतो. वाटेत भेटलेल्याला तो ‘माउली’ म्हणतो आणि दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. वय वा जात न विचारता वाकणे, हे हैबतबाबांच्या काळच्या मिशीवाल्या शिपाईगड्याला सोपे नसणार.

हैबतबाबांच्या नावाची पायरी आळंदीच्या मंदिराच्या महाद्वारात आहे.