देवमासा मासा आहे काय? : प्राणिवर्गीकरणाच्या इतिहासातील एक खटला

प्राणिसृष्टीच्या वर्गीकरणाचा इतिहास केवळ शास्त्रज्ञांच्या ग्रंथांतून घडलेला नाही. देवमाशाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरते. देवमासे व डॉल्फिन फुप्फुसांनी श्वसन करतात आणि पिलांना दूध पाजतात, हे ॲरिस्टॉटलने इ. स. पूर्व चौथ्या शतकातच नोंदवून त्यांना माशांपासून वेगळे ठेवले होते. तरीही लिनियसने ‘सिस्टिमा नॅचुरी’च्या १७३५ च्या पहिल्या आवृत्तीत त्यांची गणना माशांतच केली, १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत मात्र त्यांना सस्तन वर्गात स्थान दिले.

त्यानंतर साठ वर्षांनी हा प्रश्न न्यूयॉर्कच्या न्यायालयात उपस्थित झाला. तेथील कायद्यान्वये माशांच्या तेलावर तपासणी शुल्क देय होते. देवमाशाचे तेल हे माशाचे तेल नव्हे, असे म्हणून सॅम्युअल जड याने तपासनीस जेम्स मॉरिस यास शुल्क नाकारले. डिसेंबर १८१८ मधील सुनावणीत निसर्गशास्त्रज्ञ सॅम्युअल मिचिल यांनी जडच्या बाजूने साक्ष दिली. तथापि ज्यूरीने निर्णय मॉरिसच्या बाजूने दिला. या ज्यूरीस अडाणी ठरविणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही. कायद्यातील शब्दाचा अर्थ शास्त्राने ठरवावा की लोकव्यवहाराने, हा खरा वाद होता. (सस्तन प्राण्यास ‘मासा’ म्हणणाऱ्या मराठी भाषकास तो परका वाटू नये.) अखेरीस १८१९ मध्ये विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून देवमाशाचे तेल तपासणीतून वगळले.