गच्चीवरचं पाणी कुठे जातं?



आमच्या मुंबईतल्या इमारतीचा पुनर्विकास होतो आहे. मागच्या रविवारी सभेत नकाशा पाहिला. गच्चीचे सगळे पाइप सरळ रस्त्याच्या पावसाळी गटाराला जोडलेले! कोपऱ्यात शोषखड्डा दाखवला होता, पण त्याला एकही पाइप नव्हता.

मला अहमदाबाद आठवलं. तिथल्या पोळांमधल्या, म्हणजे वेशीआतल्या जुन्या गल्ल्यांमधल्या, कितीतरी घरांच्या चौकाखाली टांकं असतं. जमिनीखालची, चुन्याने लिंपलेली, झाकलेली टाकी. पावसाळ्याआधी गच्ची धुवायची, पहिला पाऊस बाहेर सोडायचा, मगच पाणी टांक्यात घ्यायचं. आत ऊन नाही म्हणून शेवाळ धरत नाही. हेच पाणी गाळून प्यायचं. २०१७ साली युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारसा म्हटलं.

मुंबईने मात्र पाऊस लवकरात लवकर समुद्रात ढकलायचा, असं ठरवलं. इंग्रजांच्या काळातली गटारं तासाला साधारण २५ मिलिमीटर पाऊस झेलतील अशी बांधलेली, आणि तीही ओहोटी असेल तर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याआधीच, २००२ साली, मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पाऊस साठवणं किंवा जिरवणं बंधनकारक झालं होतं. पण नियम कागदावर राहिला तर पाणी अडत नाही.

साधा हिशोब बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमची गच्ची ३०० चौरस मीटर. तासाभरात २५ मिलिमीटर पडला, तर साडेसात हजार लिटर पाणी आम्ही खालच्या चाळीकडे सोडणार. तिथे आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई राहतात.

आपण घोटभर पाणीही गाळून पितो, जीवाणी परत त्याच पाण्यात सोडतो. पाणी उगाच वाया घालवणं अनर्थदंडात मोडतं, हे लहानपणी पाठशाळेत शिकलो. मग हजारो लिटरचं काय?

मी सभेत एवढंच म्हटलं, की पाइप आधी गाळणीकडे, मग टाकीत, उरलेलं शोषखड्ड्यात आणि त्यातूनही वाहिलं तर गटारात. बिल्डरचा माणूस म्हणाला, "खर्च वाढेल." शेवटी नकाशा दुरुस्तीला परत गेला. पुढच्या सभेलाही मी जाणार आहे.

चातुर्मास लागण्याआधी तुम्हीही एकदा गच्चीवर जा. पाइप कुठे जातो, बघा.