शीतक : नाव, रंग आणि निवड

मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालावयाच्या द्रवाला इंग्रजीत प्रारंभी जे नाव मिळाले ते 'अँटिफ्रीझ', म्हणजे गोठणरोधक. हे नाव थंड देशांतील हिवाळ्याने दिले आणि उष्ण देशांतील वाहनधारकांचा त्याने दीर्घकाळ गैरसमज करून दिला. जेथे पाणी गोठतच नाही तेथे गोठणरोधकाचे प्रयोजन काय, हा तर्क कोणासही सहज सुचावा असाच आहे. आणि तो खरा धरूनच महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या रेडिएटरमध्ये नळाचे वा विहिरीचे पाणी ओतले गेले. वस्तुतः गोठण थोपविणे हे या द्रवाचे आरंभीचे काम असले, तरी पुढे ते त्याच्या अनेक कामांपैकी एक होऊन राहिले. हे स्थित्यंतर लक्षात घेतल्यावाचून, गाडीची देखभाल करताना कोणते शीतक निवडावे या साध्या प्रश्नाचेही समाधानकारक उत्तर मिळत नाही.

उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत पाण्याची बरोबरी करणारा स्वस्त द्रव दुसरा नाही. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जाई व ते पुन्हा भरावे लागे. १९०१ साली विल्हेल्म मायबाखने मर्सिडीज गाडीसाठी ८,०७० बारीक नळ्यांचा मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनविला, तेव्हा थोड्या पाण्यात पुष्कळ काम भागू लागले. परंतु पाण्याचे तीन दोष कायम राहिले. ते शून्य अंशावर गोठते व गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगून बिडाचे इंजिन तडकविते. शंभर अंशांवर उकळते. आणि लोखंडास गंज चढविते. युरोप-अमेरिकेत पहिल्या दोषाचीच धास्ती अधिक होती. त्यावर मद्यार्क मिसळून पाहिला, पण तो गरम इंजिनातून उडून जाई. ग्लिसरिन दाट आणि महाग पडे. कॅल्शियम क्लोराइडसारख्या क्षारांनी पाणी गोठेनासे होई खरे, परंतु ते धातूच खात.

ज्या द्रव्याने हा पेच सोडविला ते शार्ल-आदोल्फ व्युर्ट्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५६ सालीच तयार केले होते. ग्लिसरिन आणि अल्कोहोल यांच्या मधले म्हणून एकाचा पूर्वार्ध व दुसऱ्याचा शेवट जोडून त्याने 'ग्लायकोल' हा शब्द घडविला. यातील पूर्वपद मूळ ग्रीक 'गोड' या अर्थाच्या शब्दाचे. एथिलीन ग्लायकोल चवीला खरोखरच गोडसर आहे, आणि प्राणघातक विषही आहे. कुत्र्यामांजरांनी सांडलेले शीतक चाटल्याने होणाऱ्या मृत्यूंचे कारण या गोडीतच आहे. १९२७ मध्ये अमेरिकेत 'प्रेस्टोन' या नावाने ते मोटारींसाठी बाजारात आले. निव्वळ ग्लायकोल उणे १३ अंशांवर गोठते. तेच समप्रमाणात पाणी मिसळले असता उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. शुद्ध ते श्रेष्ठ, ही समजूत येथे सपशेल चुकते.

हा धडा विमानविद्येला किंमत मोजून शिकावा लागला. रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनात आरंभी निव्वळ ग्लायकोल वापरीत, कारण त्याचा उत्कलनबिंदू १९७ अंश, आणि त्यामुळे लहान रेडिएटरने भागे. परंतु त्याची उष्णताधारकता पाण्याच्या सुमारे साठ टक्केच. शिवाय ते सांध्यांतून झिरपे व पेट घेई. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभीच्या काळात त्याच्या जागी ७० टक्के पाणी व ३० टक्के ग्लायकोल असे दाबाखालील मिश्रण आले. मोटारीच्या रेडिएटरचे दाब राखणारे झाकण हे त्याच तत्त्वावर चालते. घाटात वाफ सोडणाऱ्या गाडीचे ते झाकण काढू नये म्हणतात ते यासाठीच : आतले पाणी शंभर अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळायचे थांबलेले असते. महाबळेश्वरी तर उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांवरच उकळते; तेथवर साध्या पाण्यावर चढणाऱ्या गाडीला चढ आणि उंची दोन्ही नडतात.

खरा गुंता मात्र गंजाचा. ग्लायकोल तापत राहिले की त्याची आम्ले बनतात, म्हणून त्यात गंजरोधक द्रव्ये घालणे भाग पडले. आणि ही द्रव्ये कोणती, यावरूनच निरनिराळी घराणी निर्माण झाली. अॅल्युमिनियमचे भाग वाढल्यावर सिलिकेट आले. ते धातूवर त्वरित पापुद्रा धरतात, पण लवकर संपतात, म्हणून असे शीतक दोनेक वर्षांनी बदलावे लागे. युरोपातील पाणी जड असल्याने तेथील कारखानदारांनी फॉस्फेट वर्ज्य केले, कारण जड पाण्यात त्याचा साका बसतो. जपान्यांनी उलट फॉस्फेट ठेवले व पाण्याच्या पंपाचे सील झिजवितात म्हणून सिलिकेट टाळले. १९९० नंतरच्या दशकात सेंद्रिय आम्लांवर आधारलेली शीतके आली. ती जेथे गंज धरू लागतो तेथेच काम करतात, म्हणून पाच वर्षे टिकतात. दख्खनच्या पठारावरील विहिरींचे पाणीही बहुधा जड असते, ही गोष्ट येथील वाहनधारकाने विसरू नये. दाट शीतक आणल्यास त्यात ऊर्ध्वपातित पाणीच मिसळावे, विहिरीचे नव्हे.

आता रंगाविषयी. ग्लायकोल मुळात रंगहीन आहे. हिरवा, नारिंगी, गुलाबी, निळा हे रंग कारखानदार वरून घालतात, आणि त्यांवर कोणाही सार्वत्रिक प्रमाणाचे बंधन नाही. शब्द आणि अर्थ यांचा संबंध जितका यादृच्छिक, तितकाच हा. एका कारखान्याचे हिरवे जुन्या सिलिकेट घराण्याचे, तर दुसऱ्याचे हिरवे सेंद्रिय आम्लांचे असू शकते. 'हिरव्यात हिरवे' या गॅरेजमधल्या न्यायाने केलेली भर म्हणूनच फसते. फोक्सवॅगनच्या जुन्या निळसर-हिरव्या व नंतरच्या तांबड्या शीतकांचे मिश्रण तपकिरी गाळ धरते, हे तर सर्वज्ञात आहे. विश्वास ठेवावयाचा तो गाडीच्या पुस्तिकेतील निर्देशनावर. डब्याच्या पाठीवर तोच निर्देश छापलेला आहे की नाही, एवढेच पाहावयाचे. आधी काय घातले होते ते ठाऊक नसेल, तर भर न घालता सर्व काढून, धुऊन, नवे भरणे हाच सुरक्षित मार्ग होय.

'शीतक' हा मराठी पर्याय 'कूलंट'वरून आला, आणि 'कूलंट' स्वतः 'ल्यूब्रिकंट'च्या धर्तीवर जर्मानिक धातूस लॅटिन प्रत्यय जोडून बनलेला संकर आहे. पाणिनीच्या व्याकरणात मात्र 'शीतक' म्हणजे थंडपणे काम करणारा, आळशी मनुष्य, आणि त्याचा विरोधी 'उष्णक'. गोठणाचा उल्लेख गाळणारे हे नाव उष्ण देशाला अधिक मानवले, परंतु गंजाचा उल्लेख त्यातही नाहीच. दरम्यान फोक्सवॅगनच्या जांभळ्या जी-१३ शीतकात ग्लायकोलबरोबर ग्लिसरिन पुन्हा आले : दाट आणि महाग म्हणून जे मागे पडले होते, तेच.