नक्कल करायलाही अक्कल लागते

परीक्षेच्या दिवसांत शाळेच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘नक्कल करायलाही अक्कल लागते.’ एखाद्या मुलाने शेजारच्याच्या पेपरातली चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवलेली सापडली की कुणीतरी ते म्हणतेच. गंमत अशी की नक्कल आणि अक्कल हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. फारसी-उर्दूच्या वाटेने ते मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. मदरशांच्या जुन्या शिक्षणपद्धतीत विद्येचे दोन भाग मानत. ‘मन्कूल’ म्हणजे आधीच्या लोकांकडून आपल्यापर्यंत पोहोचलेले, आणि ‘माकूल’ म्हणजे बुद्धीने तपासून मिळवलेले. विद्यार्थ्याने दोन्ही शिकायचे असत. नक्कल या शब्दाला तेव्हा आजच्यासारखा चोरीचा वास नव्हता.

या दोन शब्दांचे नाते मला एका अनपेक्षित ठिकाणी फार स्पष्ट दिसले, ते म्हणजे व्हॉल्व्हच्या गिटार ॲम्प्लिफायरच्या इतिहासात. गिटारसारख्या विषयावर उर्दूच्या मास्तरने का लिहावे, असे काही वाचक विचारतील. संगीत जायज की नाजायज, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि तो वाद मी इथे घेणार नाही. एवढेच सांगतो, की कुरआनच्या सूरह सबामध्ये हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांचा उल्लेख येतो, तिथे डोंगर आणि पाखरे त्यांच्या स्तुतीला साथ देतात, आणि त्याच आयतीत त्यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचेही सांगितले आहे. पुढच्या आयतीत चिलखताच्या कड्या नीट मापात जुळवण्याची आज्ञा आहे. आवाज आणि हुनर तिथे शेजारी शेजारी आहेत. आजची गोष्टही त्या दोघांचीच आहे.

आधी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते पाहू. आमच्या पिढीच्या आजोबांकडे जो रेडिओ होता, तो बटण फिरवल्यावर लगेच बोलत नसे. आत काचेच्या नळ्या हळूहळू लालसर व्हायच्या, मग आवाज यायचा. त्या नळ्या म्हणजे व्हॉल्व्ह. १८८३ मध्ये एडिसनला दिव्याच्या बल्बमध्ये एक विचित्र गोष्ट दिसली. तापलेल्या तारेपासून निर्वात जागेतून दुसऱ्या पट्टीकडे वीज जात होती. त्याने पेटंटसाठी अर्ज केला, पण त्या गोष्टीचे पुढे काही केले नाही. १९०४ मध्ये लंडनचे प्राध्यापक फ्लेमिंग यांनी तिचा उपयोग करून एकाच दिशेने वीज जाऊ देणारी नळी बनवली. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट याने त्या दोन भागांच्या मधे तारेची एक जाळी बसवली.

ही जाळी म्हणजे पाटावरची फळी समजा. शेतात पाणी धरणारा माणूस फळी बोटभर हलवतो आणि पाटातले सगळे पाणी कमी-जास्त होते. जाळीवर अगदी कमजोर विद्युत इशारा आला, तरी नळीतला मोठा प्रवाह त्याच्या तालावर वर-खाली होतो. क्षीण आवाज मोठा करण्याची सारी किमया एवढीच. पण मजा पाहा, हे नेमके कसे घडते याबद्दल खुद्द डी फॉरेस्टचा समज चुकीचा होता. नळीत थोडा वायू असणे गरजेचे आहे, असे त्याला वाटे. एडविन आर्मस्ट्राँग या तरुणाने ती नळी मोजून, तपासून तिचे खरे काम जगाला समजावून सांगितले. शोध एकाचा, समज दुसऱ्याची. १९१५ मध्ये न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला टेलिफोनवर बोलता आले, ते वाटेत बसवलेल्या व्हॉल्व्हच्या जोरावर.

१९३० नंतरच्या काही वर्षांत विजेवर चालणारी गिटार आली. तिच्या तारांखालच्या चुंबकातून निघणारा इशारा इतका दुबळा, की ॲम्प्लिफायरशिवाय ती गिटार मुकीच. इथे आपल्या गोष्टीतला पहिला माणूस येतो: लिओ फेंडर, जन्म १९०९, कॅलिफोर्नियातला. त्याचे शिक्षण हिशेबनिसाचे. मंदीच्या काळात नोकरी गेली आणि १९३८ मध्ये त्याने फुलर्टन गावात कर्ज काढून रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी त्याच्याकडे नव्हती. गिटार तर त्याला आयुष्यभर वाजवता आली नाही. वाजवणारे दुकानात बिघडलेली यंत्रे घेऊन येत आणि तो ती उघडून कुठे काय जळते, काय सैल होते ते पाहत असे.

त्याने ॲम्प्लिफायर बनवायला घेतले तेव्हा सर्किट शून्यातून शोधले नाही. आरसीएसारख्या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्या जाडजूड माहितीपुस्तके छापत. त्यांत प्रत्येक व्हॉल्व्हचे गुणधर्म आणि तो वापरून करायच्या सर्किटचे तयार नकाशे असत. उद्देश धंद्याचाच: लोकांनी सर्किटे बनवली तर व्हॉल्व्ह खपतील. फेंडरच्या सुरुवातीच्या ॲम्प्लिफायरचा पाया या छापील नकाशांत आहे. त्याच्या पेट्यांच्या आत चिकटवलेल्या कागदावर वेस्टर्न इलेक्ट्रिक आणि अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या पेटंटचा परवाना घेतल्याचे छापलेले असे. म्हणजे उधारी उघड होती आणि मान्यही होती.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये वेगळीच धडपड चालू होती. १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात डी. टी. एन. विल्यमसन या अभियंत्याने घरी बनवता येईल असा ॲम्प्लिफायर छापला. त्यात केटी६६ नावाचे व्हॉल्व्ह होते. पंधरा वॅटच्या आवाजालाही बिघाड एक दशांश टक्क्याहून कमी. बिघाड म्हणजे मूळ आवाजात नसलेले काहीतरी यंत्राने मिसळणे. जगभरच्या हौशी लोकांनी तो ॲम्प्लिफायर घरी जोडला. आवाज जितका निर्मळ तितके यंत्र चांगले, हा त्या काळचा धर्मच होता.

आता लंडनच्या पश्चिमेला हॅनवेलला जाऊ. जिम मार्शल, जन्म १९२३. लहानपणी हाडांच्या क्षयामुळे कित्येक वर्षे प्लास्टरमध्ये पडून राहिलेला, त्यामुळे शाळा अशी फार झालीच नाही. मोठेपणी तो ड्रम वाजवू आणि शिकवू लागला आणि १९६० मध्ये त्याने वाद्यांचे दुकान काढले. दुकानात येणाऱ्या तरुण गिटारवाल्यांना फेंडरचा ‘बेसमन’ ॲम्प्लिफायर हवा असे, पण अमेरिकेहून येणारा तो माल त्यांच्या खिशाला परवडत नव्हता. दुकानात दुरुस्ती करणारा केन ब्रॅन आणि ईएमआय कंपनीत उमेदवारी करणारा, जेमतेम अठरा वर्षांचा डडली क्रेव्हन यांनी मार्शलबरोबर ठरवले, की आपणच बनवू. त्यांनी बेसमनचेच सर्किट घेतले. स्वतः मार्शल पुढे सांगत असे, की पाच नमुने पसंत पडले नाहीत, सहावा पडला. साल १९६२. जिम आणि त्याचा मुलगा टेरी यांच्या नावांवरून त्या यंत्राला जेटीएम४५ म्हणू लागले.

सर्किट जवळपास तेच. मग आवाज वेगळा का निघाला? कारण बाजार वेगळा होता. ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमध्ये मिळाले ते घेतले. बेसमनमध्ये पहिल्या टप्प्यावर १२एवाय७ नावाचा व्हॉल्व्ह होता. यांनी तिथे ईसीसी८३ लावला, ज्याची आवाज वाढवण्याची क्षमता दुपटीहून जास्त. फेंडरच्या पेटीत दहा इंचांचे चार स्पीकर आणि मागची बाजू उघडी. यांनी बारा इंचांचे चार स्पीकर घेतले आणि पेटी मागून बंद केली. शेवटच्या टप्प्यावर आधी ५८८१ व्हॉल्व्ह होते, पुढे लागले केटी६६. होय, निर्मळ आवाजासाठी विल्यमसनने निवडलेला तोच व्हॉल्व्ह.

या यंत्राचा आवाज पूर्ण वाढवला की व्हॉल्व्हची ताकद संपते. लाटेचा माथा वर जायला जागा उरत नाही, तो चपटा होतो आणि मूळ सुरात नसलेले वरचे सूर त्यात मिसळतात. व्हॉल्व्हमध्ये हे बहुधा हळूहळू घडते. त्यामुळे बोट हलके ठेवले तर आवाज स्वच्छ, आणि जोरात छेडले तर तो घोगरा, दाटलेल्या गळ्यासारखा. अभियंत्याच्या वहीत हा दोष. पण वाजवणाऱ्यांना तोच हवा होता. १९५८ मध्ये लिंक रे याने असा आवाज मिळवण्यासाठी स्पीकरला पेन्सिलीने भोके पाडली होती. १९६४ मध्ये लंडनच्या डेव्ह डेव्हिसने छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद पात्याने चिरला. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या अल्बमसाठी केटी६६ लावलेला मार्शल स्टुडिओतही मोठ्या आवाजात वाजवला, आणि तो आवाज पुढच्या गिटारवाल्यांसाठी नमुनाच होऊन बसला. एकाच व्हॉल्व्हने एका घरात दोष काढला, दुसऱ्या घरात दोषालाच आवाज दिला.

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ सालचा. पुढे रेडिओ, टीव्ही, टेलिफोन सगळीकडून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली होती, तेही कालांतराने थांबले. तरी रशिया, स्लोवाकिया आणि चीनमध्ये व्हॉल्व्हचे कारखाने टिकले, आणि त्यात मोठा हात गिटारवाल्यांचा आहे.

म्हणूनच आजही घरी व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर बनवता येतो. नवशिके बहुधा फेंडरच्या १९५० च्या दशकातल्या ‘चॅम्प’ची नक्कल करतात. त्यात तीनच व्हॉल्व्ह: आवाज वाढवायला १२एएक्स७, स्पीकर चालवायला ६व्ही६ आणि विजेची दिशा सरळ करायला ५वाय३. ताकद साधारण पाच वॅट, स्पीकर आठ इंची. मूळ नकाशा अमेरिकेच्या विजेसाठी आहे, म्हणून आपल्याकडे २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर निवडावा लागतो. इथेच आंधळी नक्कल संपते. पुढे कळते, की ट्रान्सफॉर्मर आणि इशाऱ्याच्या तारा शेजारी ठेवल्या तर स्पीकर गुणगुणत राहतो, आणि अर्थिंग कुठे जोडली यावर निम्मे यश असते. एक गोष्ट मात्र गांभीर्याने सांगायला हवी. या यंत्रात साडेतीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो साठून राहतो. जाणत्या माणसाशिवाय कुणीही, विशेषतः विद्यार्थ्याने, त्यात हात घालू नये. आधी कपॅसिटर रिकामे करायचे, मीटरने तपासायचे, मगच हात लावायचा.

जाणत्या माणसाशिवाय, असे लिहिले आणि थांबलो. कारण असा जाणता माणूस आपल्या मोहल्ल्यात असतो. गॅरेजमध्ये, मोटर वाइंडिंगच्या दुकानात, मोबाइल रिपेअरिंगच्या टेबलावर. आपण त्याला मिस्त्री म्हणतो आणि मुलाला दटावतो, ‘अभ्यास नाही केलास तर असाच होशील.’ हॅनवेलच्या दुकानातला केन ब्रॅन दुसरा कोण होता? आणि फुलर्टनचा फेंडर?

पण दोष फक्त बघणाऱ्यांचा नाही. शेख सादींच्या गुलिस्ताँमध्ये एका पैलवानाची हकिकत आहे. त्याला तीनशे साठ डाव येत, शागिर्दाला त्याने तीनशे एकोणसाठ शिकवले. शागिर्द उलटला तेव्हा राखून ठेवलेल्या शेवटच्या डावाने उस्ताद जिंकला. आपले अनेक उस्ताद याच हिशेबाने वागतात. कुस्तीत ते शहाणपणाचे असेल, पण हुनर त्याने उस्तादाबरोबर कबरीत जातो. आपल्याच परंपरेत दुसरे उदाहरणही आहे. १२०६ च्या सुमारास अल-जझरी याने आपल्या यंत्रांचे पुस्तक लिहिले ते आकृत्या आणि मापांसह, दुसऱ्याला ते यंत्र बनवता यावे म्हणून. आरसीएचे पुस्तक आणि विल्यमसनचा लेख त्याच जातीचे. नकाशा उघडा होता म्हणून रेडिओवाला शिकला, आणि त्याच्याकडून साता समुद्रापलीकडचा अठरा वर्षांचा पोरगा शिकला.

आमच्या वर्गातही नक्कल होते. गाईडमधून निबंध उतरतो, प्रयोगवहीतल्या आकृत्या मागच्या वर्षीच्या वहीतून येतात. मी पूर्वी अशी वही सरळ परत करायचो. आता त्या मुलाला जवळ बोलावतो आणि दोनच प्रश्न विचारतो: हे इथे असे का आहे? आणि तुझ्याकडे यातली एखादी वस्तू नसती, तर तिच्या जागी काय लावले असतेस? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. पण गेल्या वर्षी एका मुलाने विजेच्या घंटीच्या आकृतीवर बोट ठेवून सांगितले, की लोखंडी खिळा नसेल तर अब्बांच्या गॅरेजमधला जुना बोल्ट चालेल, फक्त गुंडाळी जास्त घालावी लागेल. वही उतरवलेलीच होती. मी तिच्यावर सही केली.