जुन्नरच्या पावसात अफनासी निकितीन

जुन्या शहराच्या सहकुटुंब सहलीची गोष्ट निघाली, की आमच्या घरात हल्ली रोम, लिस्बन आणि फातिमा यांचीच नावे घेतली जातात. यात्रेला जाऊन आलेले नातलग छायाचित्रे दाखवितात, फरसबंद गल्ल्यांची आणि घंटाघरांची वर्णने करतात, आणि आमची धाकटी कन्या ती ऐकून दरवेळी विचारते, ''पप्पा, आपण कधी जाणार?'' तिच्या या प्रश्नाला उत्तर म्हणून आम्ही तिला जुन्नरला नेले, असे सांगितले तर वाचक हसतील. हसोत बापडे. पण युरोपातील एका ख्रिस्ती माणसाने जुन्नरमध्ये जे भोगले, ते आम्हांला तरी कोणत्याही घंटाघराहून मोलाचे वाटते.

२०२५ साली १५ ऑगस्ट शुक्रवारी आला. पहाटे मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची मिस्सा झाली, शाळेत झेंडावंदन झाले, आणि दुपारी आम्ही मातोश्रींसह वसईहून निघालो. कल्याण, मुरबाड, माळशेज असा मार्ग. घाटात धुके इतके दाट की पुढच्या गाडीचे तांबडे दिवे तेवढे दिसावेत. माथ्यावर आल्यावर दोन्ही हातांना चिखलाने भरलेली भातखाचरे आणि त्यांत वाकलेली माणसे दिसू लागली. पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. हे सारे सांगण्याचे कारण एवढेच, की ज्याच्यासाठी आम्ही निघालो होतो त्याचीही जुन्नरशी ओळख झाली ती याच ऋतूत, याच चिखलात.

जुन्नर हे परक्यांना नवे गाव नव्हे. कोकणातील बंदरांवरचा माल नाणेघाटाने वर चढे आणि पहिला मुक्काम येथे करी. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजही तेथे आहे. गावाभोवतीच्या डोंगरांत कोरलेल्या बौद्ध लेण्यांना दान देणाऱ्यांत काही 'यवन' आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चित नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला, चंद नावाच्या तिसऱ्याने लेण्याचे दर्शनी काम करून दिले. यवन म्हणजे ग्रीक, किंवा निदान पश्चिमेकडचे लोक. परमुलखात आलेल्या माणसाने इतरांच्या तहानेची सोय करून ठेवावी, ही गोष्ट आमच्या मातोश्रींना फार आवडली. लेण्याद्रीच्या पायऱ्या त्यांना चढवल्या नाहीत. त्या पायथ्याशीच चहाच्या टपरीवर बसून राहिल्या आणि आम्ही परत आल्यावर त्यांनी त्या टाक्यांचीच पुन्हा चौकशी केली.

पण आमचा पाहुणा या यवनांच्या पुष्कळ नंतरचा. त्याचे नाव अफनासी निकितीन. रशियात व्होल्गा नदीच्या काठी त्वेर नावाचे शहर आहे, तेथील हा व्यापारी. ऑर्थोडॉक्स पंथाचा ख्रिस्ती. मालाची जहाजे घेऊन नदीने खाली निघाला असता अस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले. मालाबरोबर त्याने सोबत घेतलेली पुस्तकेही गेली. घरी परतावे तर डोक्यावर कर्ज. तेव्हा तो तसाच पुढे निघाला. बाकू, इराण, होर्मूझ असे करीत एक घोडा जहाजावर चढवून चौल बंदरात उतरला. या उमद्या घोड्यापायी त्याचे शंभर रूबल खर्ची पडले होते. दख्खनमध्ये चांगले घोडे निपजत नाहीत, तेथे त्यांना मोठा भाव येतो, हा त्याचा हिशेब. तो अगदी खोटा होता असे नाही. साल १४६९ असे परंपरेने मानतात. काही अभ्यासक १४७१ धरतात. कसेही मोजले तरी वास्को द गामा कालिकतला पोहोचण्यास (१४९८) अजून पंचवीसहून अधिक वर्षे अवकाश होता.

चौलहून पालीवरून मजल दरमजल करीत तो जुन्नरला आला आणि पावसाने तेथेच अडकला. त्याच्या टिपणवहीतील जुन्नर वाचताना गंमत वाटते. आपला पावसाळा त्याच्या लेखी हिवाळा. आणि हा हिवाळा सुरू केव्हा झाला, तर पेन्टेकॉस्टपासून, ज्याला त्यांच्या चर्चमध्ये त्रैक्याचा दिवस म्हणतात. चार महिने रात्रंदिवस जिकडे तिकडे पाणी आणि चिखल, असे तो लिहितो. याच दिवसांत लोक नांगरतात, गहू, भात आणि कडधान्ये पेरतात, हे त्याने नोंदविले आहे. नारळापासून आणि ताडापासून येथील लोक मद्य करतात, हेही त्याच्या नजरेतून सुटलेले नाही. वसईच्या वाचकांनी त्याबद्दल त्याला दोष देऊ नये. घोड्यांना खिचडी चारतात हे वाक्य मात्र आमच्या मुलांनी तीनदा वाचून घेतले.

शहर एका खडकाच्या बेटावर आहे, ते माणसाने नव्हे तर देवाने बांधले आहे, वर जाण्यास दिवस लागतो आणि वाट अशी की एका वेळी एकच माणूस चढू शकतो, दोघांना जागा नाही, असे त्याचे वर्णन आहे. शनिवारी आम्ही शिवनेरी चढलो. महादरवाजापासून कुलूप दरवाजापर्यंत सात दरवाजे ओलांडून जाणारी पायऱ्यांची वाट आज रुंद आणि सुखाची आहे. शिवरायांच्या जन्मस्थानी (जन्म १६३०) पावसातही रांग होती. पण गडाच्या दुसऱ्या अंगाला कातळात खोदलेल्या पायऱ्यांची साखळीची वाट आहे. तिच्याकडे वरून पाहिले तेव्हा त्या रशियन माणसाने अतिशयोक्ती केली नाही, असे आमचे मत झाले. दिवस लागण्याची गोष्ट मात्र आम्ही त्याच्या थकव्याच्या खाती टाकतो.

त्या काळी जुन्नर बहामनी राज्यात होते. वजीर महमूद गवान याच्या हाताखालचा असदखान येथे अंमल करीत असे. परक्याजवळ उत्तम घोडा आहे हे कळताच खानाने तो ओढून नेला. पुढे हा परका मुसलमान नसून रशियन आहे हेही त्याला समजले. तेव्हा त्याने निरोप धाडला: आमच्या धर्मात ये, घोडाही परत देतो आणि वर हजार सोन्याची नाणी देतो, येत नसशील तर घोडा गेलाच, शिवाय हजार नाणी तुझ्याकडून वसूल करीन. मुदत चार दिवसांची.

अफनासीच्या पाठीशी त्या चार दिवसांत काय होते, याचा विचार आम्ही गडावरच्या अंबरखान्याच्या आडोशाला उभे राहून पुष्कळ केला. राजा नाही, वकील नाही, धर्मगुरू नाही, स्वभाषेत दोन शब्द बोलायला माणूस नाही. जवळ होते नव्हते ते सारे भांडवल त्या घोड्यात. आणि हो म्हणायला एकच शब्द पुरे होता. त्वेरमध्ये ते कोणाला कळणार होते?

मुदत संपत होती ती तारणाऱ्या प्रभूच्या सणाला. पूर्वेकडील चर्चमध्ये ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात मरियेच्या सणाआधीचा उपवास असतो, त्यातला हा सण. तो ६ ऑगस्टचा, म्हणजे आपल्याकडील प्रभूच्या रूपांतराचा सण असावा असे मानतात. त्याच्या आदल्या दिवशी खोजा मुहम्मद नावाचा एक खुरासानी गृहस्थ जुन्नरला आला. अफनासीने त्याच्यापुढे आपले गाऱ्हाणे मांडले. खोजा घोड्यावर बसून खानाकडे गेला, याला बाटवू नका अशी त्याने रदबदली केली आणि घोडाही सोडवून आणला. हा खोजा वजनदार असावा, एरवी खानाने त्याचे ऐकते ना. अफनासीने या सुटकेला प्रभूचा चमत्कार म्हटले आहे. आणि पाठोपाठ आपल्या रशियन बांधवांना कडवट सल्ला दिला आहे, की हिंदुस्थानात यायचे तर आपला धर्म घरी ठेवून या.

आम्हां वसईकरांना हा प्रसंग वेगळ्या तऱ्हेने बोचतो. आमच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती युरोप आला तो १५३४ साली वसईचा ताबा घेऊन, तोफा आणि तट घेऊन. आमचा धर्म त्याच वाटेने आला. तो आम्ही मनापासून आपला केला ही गोष्ट खरी, पण त्या वाटेवर सत्ता उभी होती हेही खरे. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन बसले, तेव्हा चार दिवसांच्या मुदती कोणी कोणाला दिल्या असतील आणि रदबदली करणारा एखादा खोजा तेथे कितीजणांना भेटला असेल, हे मनात आल्यावाचून राहत नाही. जुन्नरला आलेला ख्रिस्ती माणूस एकटा आणि दुबळा होता. त्याचा धर्म राखला तो दुसऱ्या धर्माच्या माणसाने.

पुढे तो जुन्नरहून बिदरकडे निघाला. निघण्याचा दिवस त्याने देवमातेच्या सणाचा म्हणून नोंदला आहे. तो बहुधा १५ ऑगस्टच. पूर्वेकडील ख्रिस्ती त्या सणाला मरियेची निद्रा म्हणतात. ग्रेगरीचे सुधारलेले पंचांग १५८२ चे, त्यामुळे त्या काळी रोमची आणि त्वेरची तारीख एकच होती. म्हणजे आम्ही ज्या सणाची मिस्सा करून जुन्नरला गेलो, त्याच सणाला तो जुन्नर सोडून गेला.

बिदरमध्ये त्याने घोडा विकला. तेथील हिंदूंना त्याने विश्वासाने सांगितले, की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे. लोकांत मात्र तो खोजा युसुफ खुरासानी या नावाने वावरे. खरा धर्म कळल्यावर त्या हिंदूंनी त्याच्यापासून आपले खाणेपिणे, पूजा, घरची माणसे काहीही लपविले नाही. खुद्द श्रीशैलच्या यात्रेलाही तो त्यांच्याबरोबर गेला.

त्याचे खरे दुःख त्या लुटलेल्या पुस्तकांचे आहे. पुस्तके गेली आणि सण हरवले, असा आक्रोश तो पुनःपुन्हा करतो. नाताळ केव्हा, पुनरुत्थानाचा सण केव्हा, काही कळत नाही. आपल्याला हे चटकन उमगणार नाही. आपल्या भिंतीवर धर्मग्रामाची दिनदर्शिका टांगलेली असते. नाताळ, १५ ऑगस्ट हे स्थिर सण दिवस मोजून तरी साधतील, आणि ते त्याने बरेचसे साधलेले दिसतात. पण ईस्टर चंद्रावर चालतो: वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. त्यासाठी चर्चचे कोष्टक हवे, आणि ते लुटारूंबरोबर गेले. मग या माणसाने काय करावे? मुसलमानांच्या बैरामच्या नऊ-दहा दिवस आधी ईस्टर येत असावा असा अंदाज बांधला. कृत्तिका आणि मृग पहाटेच्या वेळी कोठे दिसतात, सप्तर्षी कोणत्या बाजूला वळले आहेत, हे पाहून ठेवले. सोबती रोजे धरीत तेव्हा तोही उपवास करी.

त्याची टिपणे अरबी-तुर्की धाटणीच्या प्रार्थनेने संपतात. तीत येशूचे नाव इसा रुहुल्ला, देवाचा आत्मा, असे येते. यावरून तो शेवटी मुसलमान झाला असावा, असे काही विद्वान म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. ज्याने धर्म सोडला तो ईस्टरची तारीख शोधीत आकाशाकडे कशाला पाहील? मात्र तो गेला तसाच परतला, असेही आम्ही म्हणणार नाही. खरा धर्म कोणता हे देव जाणतो, असे लिहिण्यापर्यंत तो आला होता. जुन्नरच्या खोजाचा त्यात काही वाटा असेल का?

दाभोळहून जहाजात बसून, होर्मूझ आणि काळा समुद्र पार करून तो मायदेशी आला खरा, पण स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधीच वारला. वही १४७५ मध्ये मॉस्कोला पोहोचली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करमझीन यांना तिची प्रत एका मठाच्या ग्रंथालयात सापडली, तेव्हा जगाला ती ठाऊक झाली. त्वेरमध्ये १९५५ साली त्याचा पुतळा उभारला गेला. १९५७ च्या 'परदेसी' या चित्रपटात त्याची कथा आली आणि रेवदंड्यालाही त्याचे स्मारक आहे. जुन्नरमध्ये त्याच्या नावाची पाटी आम्ही शोधली; आम्हांला ती दिसली नाही.

रविवारची मिस्सा चुकू नये म्हणून परतताना माळशेज सोडून नारायणगाव, आंबेगाव तालुक्यातील मंचर, राजगुरुनगर असे पुण्याकडे निघालो. संध्याकाळची मिस्सा किती वाजता आणि कोठे, हे कन्येने फोनवर पाहून सांगितले. मंचरच्या पुढे वाहनांची रांग लागली, पाऊस चालूच होता. मातोश्रींनी जपमाळ काढली. पाचवा दशक संपल्यावर त्या मृतांची नावे घेतात. आमच्या घराण्याची ती यादी लांबलचक आहे. त्या दिवशी यादी संपल्यावर त्या थांबल्या आणि पुढे वाकून म्हणाल्या, ''अरे, त्या घोडेवाल्याचं नाव काय म्हणालास?''

''अफनासी.''

''आणि त्याला सोडवणाऱ्याचं?''

आम्ही सांगितले. त्यांनी दोन्ही नावे घेतली, आणि दोघांसाठी मिळून एक 'नमो मरिया' म्हटली.