अकारण वैर

१९५५ च्या सुमारास पुण्यातील कचऱ्याच्या ढिगांवर एक अपरिचित रोप वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेस पडले. पाने गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली, शेंड्यावर बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके. आर. एस. राव यांनी १९५६ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची नोंद प्रसिद्ध केली. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळ वस्ती उष्ण अमेरिकेत. लोकांनी त्याला गाजरगवत म्हटले, काँग्रेस गवत म्हटले आणि चटकचांदणी असे लाडके नावही दिले. पीएल-४८० योजनेखालील अमेरिकन गव्हातून ते आले, अशी समजूत रूढ झाली. परंतु तो करार ऑगस्ट १९५६ मधला, आणि रोप तर त्याआधीच पुण्यात दिसले होते. तेव्हा सारा दोष एकट्या त्या कराराच्या माथी मारता येत नाही.

पुढील काही वर्षांत हे गवत माळरानांवर, रेल्वेच्या कडेने आणि शेतांच्या बांधांवर पसरले, आणि त्याच्या मागोमाग एक व्याधी आली. पापण्या सुजत, मान व कोपरांच्या खोबणी खाजून लाल होत, कातडी जाड आणि काळवंडलेली दिसू लागे. रोपाला हात लावण्याचीही आवश्यकता नसे. वाळलेल्या पानाफुलांची भुकटी वाऱ्यावर येई, तेवढे पुरे होई. १९७४ साली लोणकर, मिचेल आणि कॅल्नन यांच्या लेखाने पुण्यातील या विकाराकडे जगातील त्वचारोगतज्ज्ञांचे लक्ष वेधले. ‘त्या गवतापासून दूर राहा’ हा सल्ला योग्यच होता. पण ज्याच्या बांधावर, अंगणात आणि गुरांच्या वाटेवर तेच माजले आहे, त्या शेतकऱ्याने जावे कोठे?

यातील विलक्षण गोष्ट अशी, की त्याच शेतात त्याच गवताची खुरपणी करणाऱ्या अनेकांना काहीही होत नसे. म्हणजे दोष केवळ गवतात नव्हता. शरीराने त्या पदार्थाशी एक वैर धरले होते, आणि हानी होत होती ती मुख्यतः त्या वैरामुळे.

अशा वैराचा अनुभव पाश्चात्त्य वैद्यकाला परागज्वराच्या रूपाने आला होता. १८१९ साली लंडनच्या जॉन बॉस्टॉक यांनी दर उन्हाळ्यात स्वतःला होणाऱ्या शिंकांचे आणि डोळ्यांच्या जळजळीचे वर्णन केले. मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ साली सिद्ध केले, की याचे कारण गवताचे परागकण होत. तेही त्याच व्याधीने त्रस्त होते. आकाशात पराग किती उंचीवर असतात हे पाहण्यासाठी त्यांनी पतंगही उडविले. १९०२ साली फ्रान्समध्ये रीशे आणि पोर्तिए यांना आढळले, की एका सागरी जिवाचे विष कुत्र्याला एकदा टोचून काही आठवड्यांनी अत्यल्प मात्रेत पुन्हा टोचले, तर तो काही मिनिटांत दगावू शकतो. जी शक्ती रक्षण करते तीच घात करू शकते, हे त्यातून उघड झाले. १९०६ साली व्हिएन्नाचे फॉन पिर्के यांनी शरीराच्या या बदललेल्या वर्तनाला ‘ॲलर्जी’ हे नाव दिले.

नाव मिळाले; उपाय मिळावयाचा होता. तो शोधला गेला लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात, आणि त्या शोधाचा एक धागा मुंबईशी जुळतो. तेथील लसविभागाचे प्रमुख आल्मरोथ राइट हे टोचणीच्या शास्त्राचे कट्टर पुरस्कर्ते होते. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर १८९८ मध्ये नेमलेल्या प्लेग आयोगाचे सभासद म्हणून राइट हिंदुस्थानात येऊन गेले होते. त्यांच्याच विभागात लेनर्ड नून या तरुण वैद्याने गवताच्या परागांचा अर्क काढला. रुग्णाच्या डोळ्यात त्याचा थेंब टाकून तो किती सौम्य केला असता डोळा लाल होत नाही, हे त्यांनी मोजले, आणि अतिसूक्ष्म मात्रेपासून आरंभ करून टोचण्या हळूहळू वाढवीत नेल्या. १९११ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला. १९१३ साली नून क्षयाने वारले. सहकारी जॉन फ्रीमन यांनी ते काम पुढे चालविले.

नून यांची उपपत्ती मात्र चुकीची होती. परागात एक विष आहे आणि टोचणीने शरीरात त्यावरचा उतारा तयार होतो, असे ते मानीत. परागात तसे विष नव्हते. चुकलेल्या तर्काच्या वाटेने योग्य औषध सापडावे, असे वैद्यकाच्या इतिहासात अनेकदा घडले आहे. पण ते औषध नेमके काय करते, हे कळण्यास पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला.

पहिली पायरी १९२१ ची. जर्मनीत क्यूस्टनर यांना मासा सोसत नसे. त्यांच्या रक्तरसाचा थेंब प्राउसनिट्स यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच गांध उठली. वैर रक्तातून दुसऱ्याकडे नेता येते, हे ठरले. त्या वैराचा वाहक असलेला प्रतिपिंड, इम्युनोग्लोब्युलिन ई, इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिक यांनी स्वीडनमध्ये १९६६-६७ च्या सुमारास ओळखला. हा प्रतिपिंड त्वचेतील आणि श्वासमार्गातील मास्ट पेशींवर जाऊन बसतो. पराग येऊन त्याला भिडला, की पेशी हिस्टामिन ओतते, आणि शिंका, सूज, दमा यांना आरंभ होतो.

दरम्यान १९३५ साली रॉबर्ट कुक यांनी दाखविले, की उपचार घेतलेल्या माणसाच्या रक्तरसात एक रोधक द्रव्य असते. ते निराळ्या वर्गाचे प्रतिपिंड असून परागाला वाटेतच गाठतात. पुढे नियामक टी-पेशींचा शोध लागला. या पेशी रक्षकांवर देखरेख ठेवणाऱ्या होत. जेथे लढण्याचे कारण नाही तेथे त्या लढाई थांबवितात. सकागुची यांचा त्यासंबंधीचा मूलभूत लेख १९९५ चा. २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक ब्रुन्को, रॅम्सडेल व सकागुची यांना याच क्षेत्रातील कार्याबद्दल मिळाले. वाढत्या मात्रेच्या टोचण्यांनी या पेशी जागृत होतात आणि रोधक प्रतिपिंड वाढतात. वैराचा प्रतिपिंड प्रथम किंचित वाढून पुढे सावकाश ओसरतो. म्हणूनच हा उपचार तीन ते पाच वर्षे चालवावा लागतो. तो पुरा झाल्यावर मात्र गुण पुढेही काही वर्षे टिकू शकतो.

यात धोकाही आहे. जे शिकवावयाचे तेच मात्रा चुकली तर मारू शकते. १९८६ साली ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीने अशा टोचण्यांनी १९५७ पासून झालेल्या २६ मृत्यूंची दखल घेतली आणि पुनरुज्जीवनाची साधने असतील तेथेच हा उपचार करावा, असे बंधन घातले. टोचणीनंतर रुग्णाला अर्धा तास बसवून ठेवतात, ते याच कारणाने.

आता पुन्हा गाजरगवताकडे. त्याच्या परागाने काहींना शिंका येतात, तो प्रकार वरच्यासारखाच. परंतु पुण्याचा त्वचाविकार प्रामुख्याने प्रतिपिंडांचा नव्हे. पार्थेनिन नावाच्या द्रव्याला ओळखून टी-पेशी स्वतःच त्वचेवर चालून येतात, आणि त्यास एक-दोन दिवस लागतात. तेथे नून यांची टोचणी जशीच्या तशी लागू पडत नाही. येथे दुसरी एक वाट उपयोगी पडली. नून यांचा लेख आला त्याच १९११ साली अमेरिकेत वेल्स यांना दिसले होते, की गिनिपिगला अंड्यातील प्रथिन आधी खाऊ घातले, तर पुढे त्याच्या टोचणीने तो दगावत नाही. अन्नाशी वैर धरावयाचे नाही, हे आतडे शरीराला शिकविते.

याच तत्त्वावर १९८० नंतरच्या दशकात भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी गाजरगवताच्या पानांचा अर्क वाढत्या मात्रेने पोटातून देऊन पाहिला. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील हांडा, साहू आणि शर्मा यांनी २००१ साली अशा रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पुण्याच्या उकिरड्यावर दिसलेले गवत तोवर उत्तर भारतात सर्वत्र पोचले होते. बहुसंख्य रुग्णांना हळूहळू उतार पडला. काहींचा विकार उलट बळावला आणि त्यांना उपचार सोडावा लागला. तो अभ्यास लहान होता. या पद्धतीला सर्वमान्य उपचाराचे स्थान अद्याप मिळालेले नाही. घरच्या घरी पाला चघळून तिची नक्कल करणे तर घातकच.

‘विषस्य विषमौषधम्’ हे वचन आपल्याकडे जुने आहे. परंतु या इतिहासाचा आशय त्याहून निराळा आहे. येथे विष विषाला मारीत नाही. शरीराने एक चुकीची गोष्ट शिकलेली असते. तीच वस्तू कणाकणाने, धीराने पुन्हा पुढे ठेवून ती चूक सोडविली जाते. गवत उपटून टाकणे आवश्यक आहेच. पण ज्याच्या बांधावर ते पुन्हा उगवणार आहे, त्याच्या शरीराला ते वैर विसरावयास शिकविणे, हे अर्धे राहिलेले काम आहे.